भाई दिसला, भाऊ राहिला

रांजणगावात महागणपतीचं दर्शन घेऊन एमआयडीसीकडे निघालं, की वाढदिवसाचे फ्लेक्स सुरू होतात. मधोमध गॉगल लावलेला विशीतला 'भाई', खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस चेहरे. मी हे फ्लेक्स थांबून वाचतो. त्यात भाईच्या आडनावाचा, सख्खा वाटावा असा भाऊ क्वचितच सापडतो. तो कुठल्या तरी कंपनीत शिफ्टला असणार. आपला सिनेमाही त्याला शोधत तिथवर गेलेला नाही.

प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'चं (२०१८) ऋण मानायलाच हवं. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा पोरगा टोळीत कसा ओढला जातो, ते या चित्रपटाने पुणे जिल्ह्याच्या बोलीत सांगितलं. मोहन जोशींचा खचलेला बाप विसरता येत नाही. पण लोकांनी घरी नेलं ते 'आरारारा' गाणं. दोष एकट्या प्रेक्षकांचा नाही. पोराचा रुबाब दाखवताना कॅमेरा रेंगाळतो, पस्तावा मात्र घाईत उरकतो. 'वास्तव' (१९९९) हिंदीत असला तरी घर मराठी. तिथे गुंड झालेल्या रघूला सरळमार्गी भाऊ आहे, पण शेवटची गोळी आणि सगळं दुःख आईच्या वाट्याला येतं. भाऊ कडेलाच राहतो.

भावंडं खरी भेटतात ती जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची घरं हलवली, त्यातल्याच एका घराचं हे नाटक. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटवेडा मोहन, टोळीत गेलेला नरू, सगळे एका खोलीत. नरूला अडवायचं कुणी? घर चालवायची ऐपत कुणाचीच नाही. इथे माया आणि चीड वेगळी काढताच येत नाही. महेश मांजरेकरांच्या 'लालबाग परळ'ने (२०१०) ही खोली मोठ्या पडद्यावर आणली, पण गोळ्यांच्या आवाजात खोलीतलं बोलणं दबलं.

मुंबईच्या गिरणगावात कारखाने बंद पडून पोरं बिघडली. रांजणगावात कारखाने जोरात चालू आहेत. भंगाराचे ठेके, कामगार पुरवठा, पाण्याचे टँकर, यांवरच दादागिरी पोसते. थोरला आत लाईनवर, धाकटा बाहेर गेटवर. हे नाटक अजून कुणी लिहिलेलं नाही.

मला ते दिसतं येरवड्याच्या तुरुंगात, मुलाखतीच्या रांगेत. नाईट शिफ्ट संपवून आलेला थोरला, अंगात कंपनीचा शर्ट, हातात धाकट्याचे धुतलेले कपडे. दारात नवी बुलेट उभी राहिली तेव्हा पैसे कुठून आले, हे त्याने विचारलं नव्हतं. उलट पहिली चक्कर त्यानेच मारली होती.

शिरूर-दौंडच्या लिहित्या पोरांनो, ही रांग तुम्ही पाहिलेली आहे. पहिला प्रवेश तिथूनच सुरू करा.