या ‘आम्ही’त कोण आहे?

जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर समाजमाध्यमांत हीन शेरेबाजी केली; तेथील सरकारने त्यांना निलंबित केले. पण तोवर आपल्याकडे बहिष्काराची हाक उठली होती. नट, क्रिकेटपटू, लाखो अनुयायी असलेली मंडळी लिहिती झाली. कोणी बहिष्कार पुकारला, कोणी देशी बेटांची महती गायली. सर्वांचे सर्वनाम एकच: ‘आम्ही’.

हे लेखन साहित्य नव्हे म्हणून समीक्षेने त्याकडे पाठ फिरवू नये. आमची मुले पुस्तकाआधी हेच वाचतात. माझ्या वर्गातल्या एकाने बहिष्काराचा मजकूर पुढे धाडला. त्याच्या घरातले कोणी अजून विमानात बसलेले नाही. मी त्याला हसलो नाही. त्याच्या वयात मीही मोठ्यांच्या ‘आम्ही’त शिरायला असाच धडपडत होतो.

दलित साहित्याने प्रस्थापितांना विचारले होते: तुमच्या ‘आम्ही’त आम्ही कोठे आहोत? तोच प्रश्न येथे विचारला पाहिजे. २०११च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या सुमारे ६४ हजार. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक अनुसूचित जमातीची. २०२१मध्ये हीच माणसे, जमिनी जातील या भीतीने, विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध उभी राहिली होती. बहिष्काराच्या त्या गदारोळात निळे पाणी होते, पांढरी वाळू होती. ही माणसे नव्हती. गाव रंगवताना गावकुसाबाहेरची वस्ती गाळणाऱ्या जुन्या कादंबरीची ही नवी आवृत्तीच!

पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आले. ४० कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. जुलै २०२५मध्ये पंतप्रधान मालेला गेले. ४,८५० कोटी रुपयांचे कर्ज जाहीर झाले. शेजाऱ्याशी जुळवून घेणे शहाणपणाचेच. पण बहिष्काराची शपथ घालणाऱ्यांनी आपल्या वाचकांना या वळणाचा हिशेब दिला काय?

बाबासाहेबांनी १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली. तेव्हा त्यांनी आकडा मांडला: ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात. देशाच्या मैत्रीची आणि वैराची किंमत कोणाच्या ताटातून वळती होते, हे त्या आकड्यातून कळते. सैन्यावर गेलेला रुपया शाळेला मिळत नाही.

म्हणून आमच्या मुलांनी परराष्ट्र धोरणावर बोलू नये, असे मी म्हणत नाही. बोललेच पाहिजे. मात्र आकडा हातात घेऊन, आणि स्वतःच्या तोंडाने.