पिशवीचा हिशेब

आमच्याकडे बाया 'गर्भाशय' म्हणत नाहीत, 'पिशवी' म्हणतात. पिशवी खाली आली, पिशवीला सूज आली, पिशवी खराब झाली आणि शेवटी पिशवी काढली. नांदूरघाटच्या बाजारात भाजीला नेतात ती पिशवीच, आणि हीही पिशवीच. या शब्दात घरगुती सलगी आहे, पण भरायची, रिकामी करायची आणि फाटली की टाकून द्यायची वस्तू हा अर्थही त्याला चिकटलेला आहे. स्त्रियांच्या आरोग्यावरचे संशोधन वाचताना हा दुसरा अर्थ मला वारंवार आठवत राहिला. त्या वाचनातून जे हाती आले, ते इथे मांडते.

मी डॉक्टर नाही आणि कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. शिक्षण बारावीपर्यंत झाले. पुढचे सगळे वाचन मिळेल तसे, झेरॉक्स काढून आणि शब्दकोश शेजारी ठेवून केलेले आहे. सुरुवातीला तक्ते कळत नसत. मग एक सवय लावून घेतली: कोणताही आकडा दिसला की तो किती जणींमधला, कोणत्या वयाच्या आणि किती काळातला, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. या लेखातली टीका बहुतेक या तीन प्रश्नांतूनच आली आहे.

2019 साली बीड जिल्हा देशभराच्या बातम्यांत आला. ऊसतोड करणाऱ्या बायांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात, अशी ती बातमी होती. विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितले, की जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा.

हे दोन आकडे तेव्हापासून एकमेकांच्या शेजारी छापले जातात. पण ते एका जातीचे नाहीत. पहिला तीन वर्षांतल्या शस्त्रक्रियांचा आहे आणि त्यात ऊस न तोडणाऱ्या स्त्रियाही आल्या. दुसरा फक्त ऊसतोड स्त्रियांचा आहे आणि त्यात आयुष्यात कधीही झालेली शस्त्रक्रिया धरलेली आहे. तिसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. 2015-16च्या त्या चौथ्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते आणि त्यांतल्या दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झाल्या होत्या. यातही पंधरा-सोळा वर्षांच्या मुली धरलेल्या असल्याने सतराच्या शेजारी तीन ठेवून 'सहापट' म्हणणे घाईचे ठरेल. एवढी सावधगिरी घेऊनही फरक प्रचंडच राहतो. आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो कोणत्या गोष्टीच्या शेवटी येतो, हे पाहिले गेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

बातम्यांनी जी गोष्ट सांगितली ती अशी: पाळीच्या दिवसांत खाडा होतो, खाड्याचे पैसे मुकादम कापतो, म्हणून बाया पिशवीच काढून टाकतात. यात तथ्य आहे. जोडप्याचा मिळून एक कोयता धरतात आणि उचलही दोघांची एकच असते. तो तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. एकाचा खाडा म्हणजे कोयत्याचा खाडा. पण ही गोष्ट इथेच संपवली की सगळा निर्णय बाईच्या पदरात पडतो. जणू ती हिशेब करून, चार दिवसांची मजुरी वाचवण्यासाठी दवाखान्यात गेली.

माझी थोरली जाऊ अशी गेली नव्हती. तिचे लग्न पंधराव्या वर्षी झाले, तीन बाळंतपणे झाली आणि पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. त्यानंतर अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात कळ आणि कंबरदुखी सुरू झाली. फडात ना आडोसा, ना पाणी. कोपीत धुतलेले कापड ओलसरच पुन्हा घ्यायचे. हा त्रास सहा-सात वर्षे चालला. एकदा हंगामाहून परतल्यावर नवरा तिला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. सोनोग्राफी झाली. "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल म्हन्ले," असे तिने मला घरी येऊन सांगितले. मी तेव्हा नवी सून होते. "अक्का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवूया का," एवढेही माझ्या तोंडून निघाले नाही. तिचे वय तेव्हा बत्तीस होते. ऑपरेशनचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीतून भागवला आणि ती उचल फेडायला दिवाळीनंतर ती पुन्हा मोळ्या उचलायला गेली. अंगाची आग, झोप न येणे, गुडघे धरणे हे सगळे मग चाळिशीच्या आतच आले. त्या वेळी अंडाशये ठेवली की काढली, हे तिला आजही माहीत नाही. कागद कुणी दिलाच नव्हता.

या गोष्टीत पाळीचा खाडा आहे, पण तो पुष्कळ उशिरा येतो. त्याच्या आधी सहा-सात वर्षांचा एक आजार आहे, ज्याकडे कुणी पाहिले नाही. तो आजार मला संशोधनात सापडला तो गडचिरोलीत. आमच्यापासून फार लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास जानेवारी 1989मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर खेड्यातल्या स्त्रीचा अभ्यास म्हणजे बहुधा बाळंतपणाचा किंवा कुटुंबनियोजनाचा अभ्यास असे, आणि स्त्रीरोगांची माहिती दवाखान्यात आलेल्या बायांवरून काढलेली असे. इथे दवाखान्यात न आलेल्या बायांनाही तपासले. 650 स्त्रियांपैकी 92 टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि सरासरी दर बाईमागे 3.6. त्यांतले निम्मे रोग जंतुसंसर्गाचे. तक्रार मात्र 55 टक्के जणींचीच होती. आणि याआधी अशी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त आठ टक्के.

बहुतेक ठिकाणी 92 हाच आकडा सांगितला जातो. मला आठ हा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. बीडच्या सतराला जोडायचा असेल तर तो या आठला जोडायला हवा. जिथे साधी तपासणी आणि काही दिवसांच्या गोळ्या पोचत नाहीत, तिथे आजार वाढत जातो आणि बाईची पहिली तपासणी हीच शेवटची ठरते, कारण ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे नेते.

या अभ्यासाबद्दल माझी एक शंकाही आहे. 92 टक्के हा आकडा इतका मोठा आहे, की तो दुधारी होतो. त्यात गंभीर आणि सौम्य सगळे एकत्र आहे. अंगावरून जाणे हे दर वेळी रोगाचे लक्षण नसते, आणि तपासणीत सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला उपचार लागतोच असेही नाही. 'बहुतेक बायांना रोग असतो' हे वाक्य सरकारी दवाखान्याच्या तोंडी असले तर त्यातून सेवा उभी राहू शकते. तेच वाक्य पैसे घेणाऱ्याच्या तोंडी आले तर त्यातून भीती उभी राहते. संशोधकांनी निष्कर्षातच सांगितले होते, की स्त्रीरोगांची काळजी प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग व्हावी. त्या निष्कर्षाचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी त्याच संस्थेचा दुसरा अभ्यास शेजारी ठेवावा लागतो. 1999 साली 'लॅन्सेट'मध्येच बंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली तर नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी होतो. 39 गावांतला हा प्रयोग. तो देशाने उचलला. 2011पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात आणि बाळाचे वजन-तापमान पाहतात, त्यामागे हे काम आहे. आमच्या गल्लीतही ती येते, आणि तिच्या येण्याने वाचलेली बाळे आहेत.

संस्था तीच, जिल्हा तोच, नियतकालिक तेच. मग 1999च्या अभ्यासाचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आणि 1989चा उद्धृतांतच का राहिला? बाळाला वाचवण्याचा उपाय स्वस्त आणि मोजता येण्याजोगा होता, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक खोल वाटते. आपल्या आरोग्यव्यवस्थेत बाई आई होईपर्यंत मोजली जाते. गरोदर राहिली की तिची नोंद होते, टोचणी होते, वजन होते. बाळंत झाली की बाळासोबत तिला भेट मिळते. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले की तिचे नाव शेवटच्या रकान्यात जाते. माझ्या जावेला सरकारी दप्तराने पंचविशीच्या आत 'पूर्ण' ठरवले. तिचा आजार त्याच्यानंतर सुरू झाला. तिला विचारणारा पुढचा माणूस भेटला तो थेट खाजगी दवाखान्यातला.

बीडच्या नावावरचा आणखी एक आकडा हेच सांगतो. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. तेव्हाही सोनोग्राफी यंत्रांची तपासणी झाली, अहवाल झाले. पिशवीत काय आहे याची चिंता एका दशकात झाली आणि पिशवीच नाही याची पुढच्या दशकात. जिची ती पिशवी, ती दोन्ही वेळा तक्त्याच्या बाहेर राहिली.

साहित्याच्या वाचकांना वाटेल, की हे सगळे डॉक्टरांचे आणि सरकारचे. तसे नाही. या विषयावर बोलण्याची मराठी माणसांची परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली पदवी घेतली ती प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध लिहून, आणि त्याआधी स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावलेले होते. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाची बाजू घेतली. पुढच्या वर्षी झालेला कायदा कारखान्यातल्या बाईला मिळाला, पण साखर कारखान्यासाठी ऊस तोडणारी बाई मुकादमाची असते, कारखान्याच्या हजेरीवर नसते. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' 1927पासून मरेपर्यंत चालवले, त्यासाठी खटले सोसले. त्यांच्यानंतर आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांनी हा विषय बहुतेक आरोग्यपुरवण्यांकडे सोपवला. ग्रामीण कथेत फडातले बाळंतपण येते, कारण त्यात नाट्य आहे. सहा वर्षे अंगावरून जाणारे पांढरे पाणी माझ्या वाचनात क्वचितच आले. राणी बंग यांचे 'कानोसा' मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. बायांचे शब्द आणि समजुती अडाणीपणा म्हणून न झटकता तिथे ऐकल्या जातात. 'पिशवी' या शब्दाला मी माहितीचा दर्जा देऊ लागले ती त्या पुस्तकामुळे.

2019नंतर काही झाले. जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी खाजगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. 2022मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणायला सांगितले. त्या खटल्यात बिहार, राजस्थान आणि छत्तीसगड होते, म्हणजे हा आजार फक्त उसाचाही नाही. हे उपाय मला मान्य आहेत. पण ते सारे शस्त्रक्रियेच्या दारात उभे आहेत. परवानगी नाकारलेली बाई कळ घेऊन घरी येते, तेव्हा तिला गोळी कोण देणार, हे त्यात येत नाही.

म्हणून पुढच्या सर्वेक्षणासाठी माझी एक सूचना आहे. 'पिशवी काढली का?' याच्या आधी 'त्रास पहिल्यांदा कधी सुरू झाला, आणि तेव्हा कुणी तपासले का?' हे विचारावे. या दोन उत्तरांमधली वर्षे मोजावीत. बीडचा खरा आकडा त्या वर्षांचा आहे.

हा लेख लिहिताना मी जावेला तो प्रश्न विचारला. ती आता साठीला आली आहे, फडाला जात नाही, सुनेच्या लेकरांना सांभाळते. थोडा वेळ ती बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली, "धाकट्याच्या पाठीवर सुरू झालं होतं. पर तवा कुनी इचारलंच न्हाई की गं." तिची सून यंदा कारखान्याला निघाली आहे. निघण्याआधी तिला तपासून आणायचे आम्ही दोघींनी ठरवले आहे.