जुन्या स्वरावर नवा लेप

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की आमच्या आरमोरी परिसरात झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. जुन्या चालीच्या पदापाठोपाठ नव्या ढंगाचे गाणे येते. प्रत्येकाला आपापली जागा मिळते. जुना जॅझ व आजचा मवाळ जॅझ एकत्र आणणाऱ्या ध्वनिमुद्रिकांनाही आम्ही हीच कसोटी लावतो.

केनी जी यांच्या १९९९ मधील 'क्लासिक्स इन द की ऑफ जी' ह्या संग्रहात लुई आर्मस्ट्राँग यांचे १९६७ साली ध्वनिमुद्रित झालेले 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' आहे; परंतु त्यावर केनी जींनी आपला सॅक्सोफोन चढविला आहे. आर्मस्ट्राँग १९७१ साली निवर्तले. त्यांची संमती कोण विचारणार? त्या खरखरीत आवाजातील विसाव्याच्या जागा गुळगुळीत सुरांनी भरून गेल्या आहेत. गिटारवादक पॅट मेथेनी यांनी ह्यावर कठोर टीका केली; ती आम्हांस रास्त वाटते. गोडव्याला आमची हरकत नाही. मात्र दिवंगताच्या बोलण्यात मध्येच बोलू नये, एवढा संकेत पाळावा.

मिश्रण कसे साधते, हे सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटात ऐकावे. भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजलेले गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांचे साथीदार होते. तेथे पाश्चात्त्य वाद्यमेळ आणि देशी चाल परस्परांना वाव देतात.

संकलकाने जुने-नवे शेजारी मांडावे, वादकांची नावे व वर्षे छापावीत, आणि निवाडा श्रोत्यांच्या कानांवर सोपवावा.