तान सांगणारे हात

पंडित भीमसेन जोशींचं गाणं प्रत्यक्ष ऐकलेली दोन ज्येष्ठ माणसं एकत्र बसली, की सुरुवातीचा बराच वेळ वादात जातो. राग तोडी होता की ललत, साल १९७२ की १९७४, तबल्याला नाना मुळे होते की वसंतराव आचरेकर, गाणं पहाटे सुरू झालं की चांगलं उजाडल्यावर, यांतल्या कशावरच एकमत होत नाही. मग एक जण म्हणतो, "ते जाऊ द्या हो, पण ती तान!" आणि दुसरा तत्काळ उत्तरतो, "अहाहा, ती!" नेमक्या या क्षणी आपण त्यांच्या हातांकडे पाहावं. दोघांचेही उजवे हात मांडीवरून उचलले गेलेले असतात. तळवा वर वळलेला, बोटं किंचित आखडलेली, मनगट थरथरत वर चढणारं. आणि खांद्याच्या जरा वर, जवळपास सारख्याच उंचीवर, दोन्ही हात क्षणभर थबकतात. त्या तानेतले स्वर दोघांपैकी एकालाही गळ्यातून काढता यायचे नाहीत. सालाचा, रागाचा, साथीदारांचा तपशील पुसट होऊन गेला आहे. पण ती तान कुठून उठली, कुठे वळली आणि कुठे जाऊन टेकली, हे त्या हातांना अजून बिनचूक ठाऊक आहे.

मैफलींच्या आठवणी ऐकण्याचा मला फार जुना छंद आहे, आणि त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा प्रत्ययाला आली. कुमार गंधर्वांची मैफल सांगणारा रसिक बहुधा बंदिशीचा मुखडा गुणगुणतो. किशोरीताईंचा भूप सांगताना डोळे मिटून घेतो आणि पुष्कळदा बोलायचाच थांबतो. भीमसेनजींचा श्रोता मात्र सबंध अंगानं बोलतो. त्याचे खांदे पुढे येतात, मान तिरपी होते, कपाळावर आठी चढते. यात नक्कल करण्याचा हेतू नसतो, कारण नक्कल करणाऱ्याच्या चेहऱ्यावर समोरच्याला हसवण्याची जी उत्सुकता असते तिचा इथे लवलेशही नाही. मैफलीत त्या दिवशी जे घडलं ते केवळ कानांनी ग्रहण केलेलं नव्हतं, म्हणून ते केवळ शब्दांनी परतही करता येत नाही.

आता आपण या आठवणींतली एकेक गोष्ट सावकाश हातात घेऊ.

पहिली आठवण षड्जाची. तंबोरे जुळलेले आहेत, मागे बसलेल्या शिष्यांची बोटं तारांवरून एका लयीत फिरताहेत, पेटीनं स्वर धरला आहे, आणि पंडितजी डोळे मिटून, किंचित पुढे झुकून बसले आहेत. अजून काहीच घडलेलं नाही. तरीही श्रोता ही आठवण सांगू लागला की याच ठिकाणी रेंगाळतो, आणि नकळत स्वतः छाती भरून श्वास घेतो. तो 'सा' कसा होता हे विचारलं तर तो म्हणेल, "भरीव", "गोळीबंद", "मांडव भरून टाकणारा". पण यातल्या कुठल्याही विशेषणापेक्षा त्याचा तो घेतलेला श्वास अधिक बोलका असतो. किराणा घराण्याच्या गायकीचं मर्मच मुळी या स्वराच्या लगावात आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांपासून आलेली ही परंपरा रागाची घाई करत नाही; एका स्वरापाशी थांबते, त्याच्या अवतीभवती फिरते, त्याला पुरता उजळते आणि मगच पुढच्या स्वराच्या उंबरठ्याशी जाते. भीमसेनजींकडे या बढतीला दमसासाचं असं काही विलक्षण बळ लाभलं होतं, की ओळ संपता संपत नसे आणि ऐकणाराही आपला श्वास रोखून धरी. समेवर स्वर सुटला की हजारो माणसं एकदम श्वास सोडत. रसिक ज्याला "वाह" म्हणतात ती दाद, माझ्या मते, पुष्कळदा हा सुटलेला श्वासच असे. शब्द त्यावर मागाहून स्वार होई.

दुसरी आठवण हाताची, आणि माझं मन तिथेच सर्वांत जास्त रमतं. विलंबित ख्यालात आलाप मंद्रात उतरला की पंडितजींचा हात खाली, जवळजवळ बैठकीला टेकेपर्यंत जाई. तिथून स्वर वर येऊ लागला की मूठ आवळली जाई आणि हात असा वर चढे, की जणू खोल विहिरीतून भरलेली घागर दोरानं ओढून काढली जात आहे, आणि ती हिंदकळू न देता काठावर आणायची आहे. मला ही उपमा सुचते तेव्हा त्यांच्या आयुष्यातला एक खरा तपशील आठवल्याशिवाय राहत नाही. अकरा वर्षांचा हा मुलगा १९३३ साली गाणं शिकण्याच्या ध्यासानं घर सोडून निघाला, ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत भटकला, आणि अखेर घराच्या जवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांपाशी येऊन स्थिरावला. तिथे गुरुगृहीच्या सेवेत त्यानं घागरींनी पाणी वाहिलं. त्या पाणी वाहण्याचा आणि या हाताच्या हालचालीचा कार्यकारणभाव मी सांगत नाही; पण स्वर हे वजन असलेलं द्रव्य आहे, ते कष्टानं उचलून आणावं लागतं, आणि आणल्यावर त्यानं इतरांची तहान भागते, हे त्या हातात पाहणाऱ्याला दिसत असे एवढं मात्र नक्की. करीम खाँसाहेबांच्या गायनातला मृदू, आर्त गोडवा शिष्याच्या शिष्यापर्यंत येताना असा भारदस्त झाला. त्यात व्यायामानं कमावलेल्या शरीराचा वाटा होता, केसरबाई केरकरांसारख्या थोर गायिकेच्या तानेचे संस्कारही होते. गमकेची तान नाभीपासून उसळते असं आपण पुस्तकात वाचतो. भीमसेनजींच्या समोर बसलेल्यानं ती उसळताना पाहिली होती, पोटापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत.

काही काटेकोर मंडळींना त्यांचे हे हावभाव रुचत नसत. गाणं कानांचं आहे, चेहऱ्याचे हे आविर्भाव कशाला, असा त्यांचा आक्षेप. मला तो कधीच पटला नाही. ज्याला रागसंगीताचं व्याकरण ठाऊक नाही अशा श्रोत्याला तो हात वाट दाखवी: स्वर आता चढतो आहे, आता रेंगाळतो आहे, आता समेच्या रोखानं निघाला आहे. आपल्या समाजातल्या असंख्य घरांत अभिजात संगीत पोहोचलं त्यात या दृश्यलिपीचा वाटा फार मोठा आहे.

तिसरी आठवण पहाटेची आहे. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मृत्यर्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या त्या उत्सवाचा भार भीमसेनजींनी दीर्घकाळ स्वतःच्या खांद्यावर वाहिला. रेणुका स्वरूप प्रशालेचं आवार, पुढे रमणबागेचं मैदान, डिसेंबरची थंडी, आणि रात्रभर चालणारी सत्रं. या महोत्सवाच्या आठवणीत आधी थंडीच येते. शाल, कानटोपी, स्वेटरवर स्वेटर, घरून आणलेली सतरंजी, थर्मासमधला कॉफीचा शेवटचा घोट कुणी प्यायचा यावरची कुजबुज, मांडवामागच्या वड्यांचा वास. आदल्या दोन रात्रींचं जागरण डोळ्यांत उतरलेलं आहे. बाजूला एखादं पोर आजीच्या मांडीवर गाढ झोपलेलं आहे. आणि आता, सगळ्यांची गाणी झाल्यावर, यजमान स्वतः गायला बसणार आहे. रात्रभर मांडवात येरझारा घालताना दिसलेला, पाहुण्या कलाकारांची व्यवस्था बघणारा तोच हा माणूस.

या क्रमात एक सौंदर्य होतं, जे तेव्हाच्या श्रोत्यांना सहजप्राप्य होतं आणि आज आपल्याला मुद्दाम समजून घ्यावं लागतं. रात्र सबंध उपलब्ध होती, म्हणून रागांना आपापला प्रहर मिळे. मध्यरात्रीचा दरबारी मध्यरात्रीच उभा राही, मालकंस ऐन काळोखात येई, आणि उजेड फुटायच्या बेतात ललत लागला की त्यातल्या दोन मध्यमांची ती जवळीक आकाशातही चाललेली असे. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहानंतर निर्बंध आले आणि अशा खुल्या मांडवांतून ते उत्तररात्रीचे राग मावळले. म्हणून कुणी सांगतं, "पंडितजींची तोडी सुरू होती आणि मांडवाच्या कापडावर ऊन आलं," तेव्हा आपण ते वाक्य ऐकून सोडून देऊ नये. त्या ऐकणाऱ्याच्या पाठीला ते ऊन लागलेलं आहे. तोडीचा कोमल गांधार आणि पाठीवरची पहिली ऊब त्याच्या स्मरणात एकजीव झाली आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही, भर दुपारी पंख्याखाली बसून तो गांधार आठवताना, त्याचे खांदे जरा सैल होतात.

या आठवणींत एक पात्र हमखास असतं, आणि त्याला नाव नसतं: शेजारी बसलेला अनोळखी माणूस. "माझ्या बाजूला एक गृहस्थ होते, कोण कुठले देव जाणे, समेला त्यांनी माझा गुडघाच दाबला!" भारतीय बैठकीत माणसं अंगाला अंग लावून बसतात, एकाची मान डोलली की ती डोलणी शेजारच्याच्या खांद्याला कळते. विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन अथांग लांब, त्यात गायक लयीशी लपंडाव खेळतो आहे, सम जवळ येते आहे, येईल की नाही अशी हुरहूर लागली आहे, आणि ती अचूक पदरात पडते तेव्हा हजारो हात एकदम उठतात. घरी एकट्यानं तीच ध्वनिफीत ऐकताना समही तीच असते, आपण मानही हलवतो. गुडघा दाबणारा तेवढा नसतो.

आणि मग संतवाणी. इथे श्रोता बदलतो, किंवा तोच श्रोता बदलून जातो. माऊली टाकळकरांचे टाळ सुरू झाले की ख्यालाच्या वेळी विचारमग्न बसलेली माणसं ताठ होत, आणि मागच्या बाजूला उभ्या असलेल्या, रागाचं नावही ठाऊक नसलेल्या माणसांच्या टाळ्या तालात पडू लागत. राम फाटकांसारख्या संगीतकारांच्या चालींना भीमसेनजींनी ख्यालाचा विस्तार दिला, पण अभंगाचा चालता पाय कधी अडवला नाही. कन्नड मातृभाषेचा हा गायक विठ्ठलाचं नाव घेई तेव्हा त्या उच्चारात कर्नाटकाची माती किंचित मिसळलेली असे. पंढरीच्या दैवताला कानडा म्हणणाऱ्या आपल्याला तो उच्चार परका कसा वाटावा? संतवाणीची आठवण सांगणाऱ्या आजीबाई तानेची गोष्ट काढत नाहीत. त्या दोन्ही हातांनी टाळ धरल्यासारखं करतात आणि बसल्या जागी त्यांची पावलं हलू लागतात.

अखेरच्या वर्षांत शरीर थकलं. काही वर्षांच्या खंडानंतर २००७ च्या महोत्सवात पंडितजी पुन्हा गायले, पुढच्याच वर्षी भारतरत्न जाहीर झालं, आणि २४ जानेवारी २०११ ला ते गेले. त्या २००७ च्या गाण्याविषयी मी मुद्दामच थोडं लिहितो आहे. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्याशी बोलताना जाणवतं, की त्या दिवशी श्रोते ऐकत होते ते केवळ समोरचं गाणं नव्हतं. गेल्या अनेक पहाटांचं गाणं ते आपल्या अंगातून त्या स्वरांना पुरवत होते.

सुदैवानं भीमसेनजींचं ध्वनिमुद्रण विपुल आहे. तबकड्या आहेत, आकाशवाणीनं जपलेल्या मैफली आहेत, गुलजारांनी केलेला माहितीपटही आहे. शुद्ध कल्याण, मारवा, पूरिया धनाश्री, मियाँ मल्हार, अभोगी, सगळं आपल्याला घरबसल्या ऐकता येतं आणि ते ऐकावंच. पण १९६५ च्या सुमारास विशीत असलेला श्रोता आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या घरात, वाड्यात, सोसायटीत असं कुणी असेल तर पंडितजींची एखादी जुनी मैफल त्यांच्यासोबत बसून ऐका. राग कोणता, साल कोणतं, हे विचारून त्यांना अडवू नका. ते मध्येच बोलू लागले तर गाणं थांबवू नका, त्यांनाही थांबवू नका. आणि समोर मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवा, कारण त्यांना जे सांगायचं आहे ते नुसतं लिहून घेता येणारं नाही. गायकाची नोंद झाली आहे. त्याच्या श्रोत्याची नोंद आपणच करायची आहे, आणि ती आत्ताच करायला हवी.