खर्चाचा आकडा म्हणजे मागणी नव्हे: रोहयोवरचा एक जुना पेपर

‘रोजगार योजनांवरचा सरकारी खर्च कशाने ठरतो?’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, की व्हेरिएबल्स पटापट सुचतात. बेरोजगारी, पाऊस, निवडणुका, तिजोरी. रिग्रेशन चालतंही. पण त्याआधी मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांचा 1993 चा पेपर वाचा.

विषय महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा. 1972 च्या दुष्काळात वाढलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क बनलेली ही योजना. वचन एकच: मागेल त्याला काम. 1988 मध्ये किमान वेतन वाढलं आणि रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मग मजूर वाढायला हवेत ना? हजेरी उलट घटली! लेखक आधीच्या काळावरून अंदाज बांधतात आणि दाखवतात की काम मागणारे कमी झाले नव्हते, काम देणं आवळलं गेलं होतं. म्हणजे खर्च मागणीने ठरला नाही, सरकारला झेपेल तेवढाच ठेवला गेला.

इथवर पेपर भक्कम आहे. माझी तक्रार पुढची. काम आवळलं कोणी, कसं? नवी कामं काढलीच नाहीत, की लांबच्या गावी काढली? पेपरचा भर ‘किती’वर आहे, ‘कसं’ला जागा कमी मिळते. आणि खरं राजकारण तिथेच असतं. रोहयोसाठी शहरी पगारदारांकडून प्रोफेशन टॅक्स घेतला जायचा (तुमच्या पहिल्या पगाराच्या स्लिपवर दिसेलच), आणि तेवढीच भर राज्य घालायचं. अशा बांधलेल्या निधीत मजुरी दुप्पट झाली, तर कात्री कुठे लागणार?

2005 च्या केंद्रीय कायद्यात गणित मुद्दाम बदललं. अकुशल मजुरी केंद्राने द्यायची. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं, तर बेरोजगारी भत्ता मात्र राज्याने. राज्याला काम देणंच परवडावं, हा हेतू. पण भत्ता मागायला कामाच्या अर्जाची तारखेसह पावती लागते. पावतीच दिली नाही, की कागदावर मागणीच नाही! तेव्हा भत्त्यावरचा खर्च नगण्य दिसला, तर ‘सगळ्यांना काम मिळालं’ असं लिहून मोकळे होऊ नका.

रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हाच प्रश्न देशभरासाठी विचारला, तोही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2009-10 च्या फेरीवरून. त्या फेरीत ‘काम मागितलं, पण मिळालं नाही’ असं उत्तर नोंदवायची सोय होती. न भागलेली मागणी गरीब राज्यांत जास्त निघाली. तुमच्या राज्याचा तो रकाना आधी काढा, खर्चाचे आकडे नंतर.