डबा, तारा आणि पडवी : जपानी ‘बॉइज लव्ह’ मांगातील सौम्य धारा

जपानी चित्रकथेला, म्हणजे मांगाला, जे अनेक फाटे फुटले आहेत त्यांपैकी ‘बॉइज लव्ह’, संक्षेपाने ‘बीएल’, हा प्रकार बाहेरच्या वाचकाला बहुधा भलत्याच टोकाकडून भेटतो. पुरुषांच्या परस्परांवरील प्रेमाच्या या कथा मुख्यतः स्त्रियाच लिहितात, चितारतात आणि वाचतात, एवढे कानावर आले की त्यांतील भडक शृंगाराविषयी तर्क लढवले जातात, आणि तसा माल बाजारात मुबलक असल्याने ते तर्क सर्वस्वी निराधारही म्हणता येत नाहीत. याच प्रकारात गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र एक मंद, घरगुती धारा ठळक झाली असून तिच्यात एका कबुलीपर्यंत पोहोचायला कधी कधी अख्खे पुस्तक खर्ची पडते. या धारेतील कृतींची प्रतवारी लावायची झाल्यास एकच कसोटी पुरते: पात्रांना सुखी करताना त्या सुखाची किंमत कोण मोजतो आहे, हे लेखिकेने दाखवले आहे की झाकले आहे.

मुळात हा प्रकार सौम्य नव्हताच. शोवा कालगणनेच्या २४व्या वर्षाच्या, म्हणजे इ. स. १९४९च्या, आसपास जन्मलेल्या ज्या चित्रकर्त्रींना ‘२४व्या वर्षाचा गट’ म्हणून ओळखले जाते, त्यांतील हागिओ मोतो यांची ‘तोमा नो शिन्झो’ ही कथा १९७४ साली मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ती जर्मनीतील एका वसतिशाळेतल्या मुलाच्या आत्मघातानेच सुरू होते. तर ताकेमिया केइको यांच्या १९७६ पासूनच्या ‘काझे तो की नो उता’मध्ये एकोणिसाव्या शतकातील फ्रान्स, छळ आणि अखेर मृत्यू आहे. दूरचा देश, मागचा काळ आणि नायकही पुरुष, असे तिहेरी अंतर राखल्यामुळे मुलगी म्हणून जे बोलता येत नव्हते ते या लेखिकांना बोलता आले, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मात्र त्या काळात अशा प्रेमाचा शेवट शोकांत होणार हे जवळजवळ गृहीतच होते.

पुढे हौशी चित्रकर्त्रींनी स्वतः छापून विकलेल्या पुस्तिकांमधून, म्हणजे दोजिन्शीमधून, ‘याओइ’ हा शब्द रूढ झाला. ‘कळस नाही, शेवट नाही, अर्थ नाही’ या तीन जपानी वाक्प्रयोगांच्या आद्याक्षरांचा हा जोडशब्द लेखिकांनी स्वतःचीच थट्टा करण्यासाठी घडवला होता, आणि त्याच खोडकर वृत्तीने वाचकिणी पुढे स्वतःला ‘फुजोशी’ म्हणवू लागल्या. ‘स्त्रिया’ या अर्थाच्या शब्दातील एक चित्राक्षर बदलले की त्याचा अर्थ ‘सडलेल्या मुली’ असा होतो. याओइच्या काळातच पुढाकार घेणारा तो ‘सेमे’ आणि झेलणारा तो ‘उके’ अशी पात्रांची ठरीव वाटणी पक्की झाली आणि बळजबरीलाच प्रेमाची खूण मानण्याची वाईट खोडही लागली. १९९२ साली सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी नियतकालिकातून या लेखनावर उघड हल्ला चढवला आणि खऱ्या समलिंगी पुरुषांशी काही देणेघेणे नसताना त्यांच्या प्रतिमा स्त्रिया स्वतःच्या कल्पनारंजनासाठी वापरतात, असा आक्षेप घेतला. काही वर्षे चाललेला हा वाद ‘याओइ वाद’ म्हणून ओळखला जातो. सौम्य धारेतील जाणत्या कृतींमागे हा आक्षेप कुठेतरी कानाआड न करता ऐकलेला आहे, असे त्या वाचताना जाणवत राहते.

या धारेची ओळख करून घेण्यासाठी पहिले पुस्तक म्हणून नाकामुरा आसुमिको यांच्या ‘दोक्यूसेइ’चे, म्हणजे ‘वर्गमित्र’चे, नाव निःशंकपणे घ्यावे. पुस्तकरूपाने २००८ मध्ये आलेल्या आणि २०१६ मध्ये पडद्यावर गेलेल्या या कथेत घटना म्हणाव्यात अशा घटना थोड्याच आहेत: समूहगानाच्या सरावात तोंडच न उघडणारा हुशार साजो वर्ग सुटल्यावर एकटाच गाण्याची तयारी करताना वाद्यवृंदातल्या कुसाकाबेला दिसतो आणि कुसाकाबे त्याला शिकवायला लागतो. नाकामुरा यांची रेषा बारीक, लांबट, किंचित वाकडी आहे. माना आणि बोटे हाडामांसाला परवडणार नाहीत इतकी लांब जातात, पार्श्वभूमी अनेकदा कोरीच राहते, आणि त्या कोऱ्या जागेमुळे दोन वाक्यांमधले अवघडलेपण वाचकाला चक्क डोळ्यांनी दिसते. जपानी सौंदर्यविचारात दोन गोष्टींमधल्या अर्थपूर्ण अंतराला ‘मा’ म्हणतात. त्या संकल्पनेवर पानेच्या पाने लिहिण्यापेक्षा या पुस्तकातील पाच-सहा पाने दाखवणे अधिक सोपे ठरावे.

त्याहून खोल उतरते ते फुमिनो युकी यांचे ‘हिदामारी गा किकोएरु’. ‘हिदामारी’ म्हणजे ऊन साचलेली ऊबदार जागा, आपला कवडसा म्हटला तरी चालेल. आणि तो ‘ऐकू येतो’ असे शीर्षक म्हणते, कारण कथेचा एक नायक कोहेइ याला शाळकरी वयातच ऐकू येणे कमी झाले आहे. महाविद्यालयात तो एकटा राहतो, लोक त्याला शिष्ट समजतात, आणि अचानक त्याच्यासमोर येऊन आदळलेल्या खणखणीत आवाजाच्या, सदैव भुकेलेल्या ताइचीला तो आपला जेवणाचा डबा देऊन टाकतो. मग ठरते असे की ताइचीने कोहेइसाठी तासांच्या टिपणवह्या लिहायच्या आणि मोबदल्यात डबा घ्यायचा. हा व्यवहार कथेचा प्राण आहे. दयेला तो जागा ठेवत नाही, दोघांनाही एकमेकांची गरज आहे हे मान्य करतो, आणि ऐकू येत नाही यात कोहेइचा दोष नाही, तेव्हा त्याने पुन्हा विचारावे, ही ताइचीची साधी समजूत कोणत्याही प्रेमाच्या कबुलीपेक्षा मोठी ठरते. अपंगत्व हे येथे करुणा उत्पन्न करण्याचे साधन होत नाही. पुढच्या भागांत तर ताइचीच्या नोकरीच्या निमित्ताने बहिऱ्या माणसांचे जग, त्यांच्यातले मतभेद आणि ऐकू येणाऱ्यांचा अजाण उत्साह यांचीही झडती घेतली जाते. तेथे कथेचा वेग मंदावतो हे खरे, पण ती कंटाळवाणी होत नाही.

किझु नात्सुकी यांच्या ‘गिव्हन’मध्ये माफुयू हा मुलगा तुटलेल्या तारांची गिटार उराशी धरून वावरतो, आणि दुसरा मुलगा तिला नव्या तारा चढवून देतो. ती गिटार आत्महत्या केलेल्या पूर्वीच्या प्रियकराची आहे हे वाचकाला नंतर उमगते. १९७०च्या दशकातल्या कथांना जेथे पूर्णविराम मिळत असे, तेथून ही कथा सुरू होते.

लोकप्रियतेच्या दृष्टीने या सर्वांना मागे टाकणारी कृती म्हणजे तोयोता यू यांची, ‘चेरी मॅजिक’ या नावाने जगभर पोहोचलेली कथा. तिशीपर्यंत ब्रह्मचारी राहिलेल्या आदाचीला स्पर्शाने समोरच्याच्या मनातले ऐकू येऊ लागते आणि कार्यालयातला देखणा कुरोसावा आपल्यावरच जीव टाकून आहे हे त्याला कळते. २०२०च्या दूरचित्रवाणी मालिकेने तिला घरोघरी नेले, २०२३ मध्ये थायलंडमध्येही तिची मालिका झाली. तिची गोडी नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रेम व्यक्त करण्यात नकाराचा जो धोका असतो तो या युक्तीमुळे कथेतून आधीच काढून घेतला जातो. दुसऱ्याचे मन परवानगीशिवाय वाचल्याची टोचणी आदाचीला लागते, ही लेखिकेची जाण म्हणायची, नाहीतर हे पुस्तक निव्वळ साखरेचा पाक झाले असते.

काटेकोर बोलायचे तर योशिनागा फुमी यांची ‘किनो नानी ताबेता?’ ही दीर्घ मालिका बीएलमध्ये मोडत नाही, कारण ती २००७ पासून ‘मॉर्निंग’ या प्रौढ पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात येते. तरीही या धारेची चर्चा तिला वगळून होऊ शकत नाही. ‘काल काय खाल्लेस?’ असे विचारणाऱ्या या मालिकेत चाळिशी ओलांडलेला वकील शिरो संध्याकाळी स्वस्त भाजी शोधत हिंडतो, दोघांचा खाण्याचा खर्च महिन्याला २५,००० येनांत बसवण्याची त्याची धडपड असते, आणि त्याचा जोडीदार, केशकर्तन करणारा केंजी घरी येईतो तीन-चार पदार्थ तयार होतात. कृती इतक्या नेमक्या दिलेल्या असतात की पुस्तक ओट्याजवळ ठेवून स्वयंपाक करता यावा. मालिका पुढे सरकते तशी पात्रांची वयेही वाढतात. केंजी आपले नाते कोणापासून लपवत नाही, शिरो मात्र कार्यालयात चकार शब्द काढत नाही, आणि हा पेच एका भांडणाने न सुटता वर्षानुवर्षे ताटाच्या कडेला पडून राहतो. नववर्षाला शिरो केंजीला आईवडिलांकडे नेतो, सगळे नीट पार पडते, आणि नंतर आईला ते झेपले नाही म्हणून पुढच्या खेपेला त्याला आणू नकोस असे कळवले जाते. येथे कोणीही खलनायक नाही, म्हणूनच तो घाव खोल जातो. एक वयस्क जोडपे शिरोला सल्ला विचारते तो प्रसंगही असाच आहे: आपली मिळकत आईवडिलांकडे न जाता जोडीदाराला मिळावी म्हणून त्याला कायद्याने दत्तक घेता येईल का? जपानमध्ये समलिंगी विवाहाला राष्ट्रीय कायद्याची मान्यता नसल्याने प्रौढ व्यक्तीला दत्तक घेण्याची ही पळवाट प्रत्यक्षातही वापरली जाते. वाढप, भांडी घासणे, उद्याची भाजी यांच्या मधोमध वारसा कायदा येऊन बसतो आणि कोठेही भाषण होत नाही.

समलिंगी पुरुष म्हणून उघडपणे लिहिणारे तागामे गेंगोरो यांची २०१४ ते २०१७ मधील ‘ओतोतो नो ओत्तो’ कुटुंबाच्या स्वीकाराची हीच गोष्ट मृत भावाच्या कॅनडातून आलेल्या नवऱ्याचा पाहुणचार करणाऱ्या याइचीच्या नजरेतून सांगते. तेथे मात्र याइचीची लहानगी मुलगी काना हिचे प्रश्न अधूनमधून फारच सोयीचे वाटतात.

आणि ज्या वाचकाला या कथा कोणी का वाचाव्यात असाच प्रश्न पडतो, त्याच्यासाठी त्सुरुतानी काओरी यांची ‘मेतामोरुफोझे नो एंगावा’ आहे. तिच्यात दोन पुरुषांचे प्रेम आहे ते पुस्तकातल्या पुस्तकात. घरी सुलेखनाचे वर्ग घेणारी पंचाहत्तर वर्षांची विधवा इचिनोइ केवळ मुखपृष्ठ सुंदर वाटले म्हणून एक बीएल मांगा विकत घेते, आणि त्याच दुकानात काम करणारी, स्वतःची असली पुस्तके खोलीत दडवून ठेवणारी सतरा वर्षांची उरारा तिची मैत्रीण होते. ‘एंगावा’ म्हणजे बागेकडे उघडणारी घराची लाकडी पडवी. तिच्यावर बसून या दोघी कोणाला कोण आवडते याची चर्चा रंगवतात, आणि इतकी वर्षे शरमेने मिटून वाचणारी मुलगी त्या म्हातारीच्या निःसंकोच आनंदापुढे हळूहळू मोकळी होते. पुढचा भाग हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागते असे कळल्यावर इचिनोइ आपले वय आणि उरलेले भाग यांचा शांतपणे हिशेब मांडते.