मुंडी कोणी शिजवली? ‘स्मृतिचित्रे’ उतारवयात वाचताना

मागच्या व्याख्यानात आम्ही किर्केगार्दचं ‘भय आणि कंप’ घेतलं होतं आणि जाता जाता म्हटलं होतं की पुढच्या वेळी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घेऊ. त्यावर दोघातिघांनी विचारलं की सर, कोपनहेगनहून एकदम नाशिकला कसे काय उतरलात? त्याचं उत्तर पुस्तकात नाही, आमच्या स्वयंपाकघरात आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

ज्यांनी मागचं ऐकलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. १८४३ सालच्या त्या पुस्तकात अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला निघतो त्या कथेवर चिंतन आहे. सगळं फार गंभीर. पण मध्येच एक मजेदार उतारा येतो. श्रद्धेचा खरा वीर दिसायला कसा असेल? तर अगदी साधा, एखाद्या कर वसूल करणाऱ्या कारकुनासारखा. संध्याकाळी तो घराकडे निघतो आणि वाटेत त्याच्या मनात काय चाललेलं असतं? बायकोनं आज काहीतरी खास गरमागरम केलं असेल, कोकराची भाजलेली मुंडी, बरोबर भाजी. खिशात तर दमडी नाही, तरी त्याची खात्री पक्की. आणि गंमत म्हणजे, घरी गेल्यावर मुंडी नसलीच तरी त्याचं काही बिघडत नाही. तो तसाच आनंदी. अनंत त्याग करून पुन्हा या जगात इतक्या सहज वावरणारा माणूस, असं ते चित्र आहे.

हा उतारा आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवला. नगरकडची मुलं मुंडीचं नाव निघालं की हसायची, वर्गाला जाग यायची, आणि आम्ही पुढचा मुद्दा घ्यायचो.

गेली दोन वर्षं आमच्या हिची दृष्टी अधू झाली आहे. त्यामुळे संध्याकाळी आम्ही वाचतो आणि ही ऐकते. व्याख्यानाची तयारी म्हणून तोच उतारा मराठी करून ऐकवला. ही शेंगा सोलत होती. (ते काम डोळ्यांशिवाय जमतं, म्हणून ते हिनं सोडलेलं नाही.) ऐकून झाल्यावर म्हणाली, “अहो, पण मुंडी नव्हती तर का नव्हती? तिच्याकडे पैसे नव्हते, का तिला बरं नव्हतं?”

मंडळी, आमच्यापाशी उत्तर नव्हतं. किर्केगार्दपाशीही नाही. त्याच्या वीराच्या घरात एक बाई आहे, चूल आहे, बाजारहाट आहे, उधारी असेल. पण आपण तिथं पोचण्याआधीच प्रकरण संपतं. जेवणाचं ताट आलं काय, न आलं काय, आनंदी राहणाऱ्याच्या श्रद्धेचं वर्णन आहे. ते ताट रोज आणणारीच्या श्रद्धेचं काय? ही म्हणाली, “आता लक्ष्मीबाई वाचा.” म्हणून आज लक्ष्मीबाई.

आता थोडं आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, बघा. विश्वासावर ज्यांनी मूलभूत लिहिलं असं आम्ही शिकवत आलो, त्यांतले कितीजण घरात म्हातारे झाले? पास्काल ३९व्या वर्षी गेला. किर्केगार्दनं १८४१ मध्ये ठरलेलं लग्न मोडलं आणि ४२व्या वर्षी तो गेला. सिमोन वेल ३४व्या. ऑगस्टीन तेवढा ७५ वर्षं जगला, पण संसारात नाही. ‘कबुलीजबाब’ लिहिणाऱ्या या थोर पुरुषानं आपल्या मुलाच्या आईचं नावसुद्धा आपल्याला सांगितलेलं नाही. ती आफ्रिकेला परत गेली, एवढंच कळतं. या मंडळींमुळे विश्वास म्हणजे एक क्षण, एक झेप, एक बाग, एक रात्र, अशी आपली समजूत होऊन बसली. त्या रात्रीनंतरची चाळीस वर्षं, गुडघे, सुना, दुधाचा हिशेब, यांबद्दल ते गप्प आहेत. हा त्यांचा दोष नव्हे. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

‘स्मृतिचित्रे’ ज्या बाईनं लिहिलं तिनं ते पाहिलं होतं. लक्ष्मीबाई १८६८च्या. पुस्तक १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या. म्हणजे आपण जिला खट्याळ, भाबडी, अल्लड म्हणतो ती लिहिताना पासष्टी ओलांडलेली विधवा आहे. हे वय आपण वाचताना विसरतो, आणि आमच्या मते या पुस्तकावरच्या टीकेत सगळ्यांत मोठी चूक इथं झाली आहे.

दोन प्रकारचे वाचक आम्ही आयुष्यभर पाहिले. एक आमच्या चर्चमधले. तिथं हे पुस्तक साक्ष म्हणून वाचलं जातं. १८९५ला टिळकांचा बाप्तिस्मा, १९००ला लक्ष्मीबाईंचा, मग प्रभूची स्तुती असो. बाप्तिस्म्यापुढची पानं बहुतेकांनी चाळलेली असतात. दुसरे आमचे मराठी विभागातले मित्र. त्यांना पुस्तक अतिशय आवडतं. पण धर्मांतर हा त्यांच्या दृष्टीनं या गोड पुस्तकातला एक अडचणीचा प्रसंग, घरातल्या हुशार मुलीनं परजातीत लग्न करावं तसा. ते म्हणतात, काय विनोद, काय निर्व्याज भाषा! दोन्ही वाचकांना एक गोष्ट नको असते: या बाईला विचार करता येतो ही.

करता येतो, आणि कुठं करतात तर पाण्याच्या हंड्यापाशी. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं वेगळं राहून त्या परत त्याच्याकडे आल्या, तरी स्वयंपाकपाणी निराळं. आणि टिळकांनीही त्यांचं सोवळं त्यांना पाळता यावं अशी व्यवस्था ठेवली, ही टिळकांची थोरवी. मग एके दिवशी बाईंच्या मनात प्रश्न येतो: जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर जनावरांच्या जातींत दिसतो तसा फरक माणसांच्या देहात दिसला असता. तो दिसत नाही. म्हणजे केली माणसानं. झालं, संपलं. कोणाच्याही हातचं खायचं.

आम्ही हा उतारा तर्कशास्त्राच्या वर्गात वापरायला हवा होता. पूर्वपक्ष आहे, कसोटी आहे, निष्कर्ष आहे. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे: निष्कर्ष निघाल्यावर त्या भाषण करत नाहीत, भांडं बदलतात. लक्ष्मीबाईंच्या लेखी विश्वासाचा अर्थ हाताच्या सवयीत उतरतो. आणि मंडळी, सवय मोडून नवी लावायला किती दिवस लागतात ते आम्हाला विचारा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आम्ही कणीक मळायला शिकलो. पहिला महिनाभर ही भिंतीकडे तोंड करून हसत होती.

आता उतारवयाकडे येतो, कारण आजचा विषय तो आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास जाहीर केला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पंचावन्नाच्या घरातला पुरुष आणि त्याची श्रद्धा. आपल्या परंपरेत हे अगदी ओळखीचं आहे. वानप्रस्थ, मग चतुर्थाश्रम. ख्रिस्ती झाले तरी टिळक या मातीचे होते आणि ख्रिस्ताला या मातीचे कपडे घालायचे हाच त्यांचा ध्यास. ते आम्हाला मान्य आहे. त्यांची भजनं गातच आम्ही लहानाचे मोठे झालो. पण आमच्या हिच्या पद्धतीनं विचारायचं तर, नवरा संन्यासी झाला की बायकोनं काय व्हायचं? ती संन्यासिनी नाही, विधवा नाही, आणि घरात पाहुणे तर नेहमीसारखेच येणार. या घरात अनाथ मुलं वाढली, येणारेजाणारे जेवले, आणि टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही हे तर पुस्तकभर आहे. त्यांच्या त्यागाची किंमत महिनाअखेरीला लक्ष्मीबाई मोजत होत्या. तक्रार त्या करतात, भरपूर करतात, आणि ती करताना हसवतात. हे हसवणं भाबडेपण नाही. ज्याच्यावर जीव आहे आणि ज्याचा रागही आहे, अशा माणसाबद्दल पासष्टीत खरं बोलायचं तर दुसरा सूर कुठला आहे?

मग मे १९१९मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडत होत्या. आमच्या मते ‘स्मृतिचित्रे’मधलं खरं आध्यात्मिक वळण इथं आहे. १९००मधला बाप्तिस्मा त्यांनी विचारानं घेतला हे खरं. तरी त्या वेळी पुढं चालणारा एक माणूस होता. आता पुढं कोणी नाही. मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम, पुढं कराचीला मुलाच्या संसारात. म्हणजे जिनं आयुष्यभर घर चालवलं तिनं आता दुसऱ्यांच्या घरात मावायचं. उतारवयाचं दुःख पुष्कळदा दुखण्याचं नसतं, आपल्या मुठीतली किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेल्याचं असतं. या भागात प्रार्थनेची वर्णनं फारशी नाहीत, देवाशी वाद नाही, दर्शन नाही. ७१व्या स्तोत्रात म्हातारा माणूस देवाला विनवतो की आता या वयात मला टाकू नकोस. त्या जातीचा आक्रोशही इथं नाही. आहे ते रोजचं काम, माणसं आणि त्यांच्या खोडी.

इथं आम्हाला टीकाही केली पाहिजे, नुसती आरती ओवाळून भागणार नाही. हा शेवटचा भाग साहित्य म्हणून विसकळीत आहे. टिळक गेले आणि पुस्तकाचा कणा गेला. प्रसंग येतात, जातात. दुःखाच्या जवळ आल्या की बाई एखादा गमतीचा किस्सा पुढं करतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी वाचताना तो पडदा जाणवतो. त्या वर्षांत रात्री एकट्या असताना त्यांचा देव त्यांच्याशी बोलत होता का? सांगत नाहीत. सांगायला हवं होतं, असं आमचं मत होतं. ही म्हणते, “सगळं कशाला सांगायचं?” आमच्या घरात या मुद्द्यावर अजून एकमत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पाण्याचा तो निर्णय आपण एवढा वाखाणला; पण तो निर्णय एका बाजूनं सांगितलेला आहे. नगर जिल्ह्यातली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती मंडळी, बहुतांश महार आणि मांग समाजातून आलेली. आम्ही त्यांच्यातलेच. आमच्या आजीला गावच्या विहिरीवर कोणी वरून पाणी वाढेल तेव्हाच घागर भरता यायची. बाप्तिस्मा झाला म्हणून विहीर बदलली नाही. टिळकांसारख्या घरातून आलेली बाई आपल्या हातचं पाणी पिते आहे हे पाहून समोरच्या बाईला काय वाटलं असेल? आनंद, संकोच, का राग, की इतकी वर्षं लागली? ‘स्मृतिचित्रे’त हा आवाज नाही. किर्केगार्दनं मुंडी शिजवणारीला दाराआड ठेवलं, तसं लक्ष्मीबाईंच्याही पुस्तकात कोणीतरी दाराआड राहिलं आहे. त्यांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्यांनी निदान दार उघडं ठेवलं. आमच्या आजीनं काही लिहून ठेवलं नाही, तिला लिहिता येत नव्हतं. हा मुद्दा एकदा आम्ही एका परिसंवादात मांडला तेव्हा आपल्याच मंडळीतले काही लोक नाराज झाले, की घरातलं बाहेर कशाला काढता. असो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो ‘ख्रिस्तायना’चा. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं आणि दहाएक अध्यायांवर ते थांबलं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेत न गेलेली, वयानं साठीत आलेली बाई. टीकाकार या ओव्यांकडे फारसे वळत नाहीत, आणि काव्य म्हणून टिळकांची लेखणी सरस आहे हे आम्हीही मान्य करू. पण नवऱ्यानं अर्धं टाकलेलं काम हातात घेऊन, त्याच वृत्तात, रोज थोडं थोडं पुढं नेणं म्हणजे काय याचा विचार करा. ओवी ही जात्यावरची. दळण संपेपर्यंत ओवी थांबत नाही. किर्केगार्दनं जिला झेप म्हटलं तिचं इथं नाव नाही. इथं बैठक आहे, पाट मांडून बसलेली. मार्था आणि मरीया यांची गोष्ट आमच्या शब्बाथशाळेत नेहमी मार्थेला रागे भरण्यासाठी सांगितली जायची: ती कामात गुंतली, मरीया चरणापाशी बसली. लक्ष्मीबाई आयुष्यभर मार्था होत्या, आणि चरणापाशी बसायची वेळ आली तेव्हाही त्यांनी सोबत काम नेलं.

या ओव्या आम्ही सध्या रोज संध्याकाळी वाचतो, एका वेळी पाच-पंचवीस. आमचं वाचन सपाट आहे अशी हिची तक्रार आहे, म्हणून कधी कधी ही ऐकलेली ओवी पुन्हा म्हणून दाखवते, चालीवर. मध्ये कुकरची शिट्टी झाली की आम्ही उठतो, कारण आता ते खातं आमच्याकडे आहे. परवा कोणीतरी विचारलं, सर, निवृत्तीनंतर काय लिहिताय? काही नाही, म्हटलं, डाळ किती शिट्ट्यांत शिजते ते शिकतोय.

पुढच्या वेळी ऑगस्टीन परत घेऊ, आणि त्या नाव नसलेल्या बाईपासून सुरुवात करू. आता प्रश्न असतील तर विचारा. मात्र आठला निघायचं आहे, हिच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ होते.